सांगावा देणारी डबी

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या वस्तीवर सेन्सर बसवायला गेलो की मी आधी दार बघत नाही. ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि घरच्यांना एक प्रश्न विचारतो. रात्री दोन वाजता तुमच्या हाकेला कोण धावून येईल? बहुतेक घरी थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कुणी चुलत्याचं नाव घेतं, कुणी ओढ्यापलीकडच्या वस्तीचं. कुणी म्हणतं, पोरगा पुण्याला असतो, त्याला फोन करू. या उत्तरावर माझं पुढचं सगळं काम ठरतं. कोणत्या कंपनीचा माल घ्यायचा, सेन्सर किती लावायचे, सायरन कुठे टांगायचा, या गोष्टी त्यानंतर येतात.

हा प्रश्न विचारायला मला एका फसलेल्या कामानं शिकवलं. दौंड तालुक्यात भीमेच्या काठी एका वस्तीवर मी चार सेन्सर बसवले होते. पुढच्या दाराला, मागच्या दाराला, गोठ्याच्या फाटकाला आणि मोटारीच्या पेटीला. काम नीट झालं होतं. प्रत्येक दार मी स्वतः दहा-दहा वेळा उघडून पाहिलं होतं. दीड महिन्यानं एका रात्री कोणीतरी मोटारीची पेटी उघडली, केबल कापली आणि नेली. सेन्सरनं आपलं काम चोख केलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी पेटी उघडल्याची नोंद फोनवर होती. पण तो फोन मुलाचा. मुलगा हडपसरला भाड्याच्या खोलीत, दुसरी पाळी करून झोपलेला, आणि फोनचा आवाज बंद. सकाळी सात वाजता त्यानं संदेश वाचला, तोवर वडील विहिरीवर जाऊन, कापलेली टोकं बघून परतही आले होते. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘आमच्या कुत्र्यानं भुंकून मला तरी उठवलं असतं.’ त्या वाक्याचं उत्तर शोधता शोधता हे पुस्तक लिहून झालं.

बहुउपयोगी सेन्सर म्हणतात ती वस्तू दिसायला अगदी साधी असते. काड्यापेटीएवढी प्लास्टिकची डबी आणि तिच्यासोबत बोटाच्या पेराएवढा चुंबक. डबी चौकटीला लावायची, चुंबक दाराच्या फळीला. दार मिटलेलं असताना दोघं शेजारी असतात, उघडलं की दुरावतात. डबीच्या आत बहुधा रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन पात्या. चुंबक जवळ असला की त्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ मध्ये हा स्विच शोधला आणि पुढे टेलिफोनच्या एक्स्चेंजांत तो लाखोंनी वापरला गेला. सायकलीचा वेग दाखवणाऱ्या मीटरमध्येही तोच असतो. दारावरच्या सेन्सरचा पाया इतका जुना आणि इतका साधा आहे, म्हणूनच तो भरवशाचा आहे.

नवं आहे ते बाकीचं. त्याच डबीत हादरा आणि कल ओळखणारी बारीक चकती असते. आपण फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं, ते अशाच चकतीमुळे. दार न उघडता कोणी कटावणी लावली तरी ती तो हादरा टिपते. आतच एक तापमापक असतो. आणि हे सगळं कळवणारा छोटा रेडिओ असतो, बहुतेक वेळा झिग्बी पद्धतीचा, २.४ गिगाहर्ट्‌झवर बोलणारा. उघडलं-मिटलं, हललं, कललं, तापलं. एवढ्या चारच गोष्टी ही डबी सांगू शकते. धूर तिला कळत नाही, गॅस कळत नाही, समोर माणूस आहे की मांजर हेही कळत नाही. दुकानदार याहून जास्त सांगू लागला तर त्याला वेगळा सेन्सर दाखवायला सांगा.

ही कल्पना घरोघरी पोचवण्यात ज्यांचा वाटा मोठा, त्या स्मार्टथिंग्ज कंपनीची जन्मकथा मला नेहमी आपल्याकडची वाटते. संस्थापक ॲलेक्स हॉकिन्सन यांचं कोलोरॅडोच्या डोंगरात एक घर होतं. हिवाळ्यात ते बंद असताना लाईट गेली, नळ गोठून फुटले आणि पाण्यानं घराची नासाडी झाली. कुणाला पत्ता नाही. त्यातून २०१२ मध्ये कंपनी निघाली, लोकवर्गणीतून सुमारे बारा लाख डॉलर उभे राहिले आणि दोनच वर्षांत सॅमसंगनं ती विकत घेतली. आपल्याकडे नळ गोठत नाहीत. पण लाईट गेली आणि वेळेवर कळलं नाही म्हणून झालेलं नुकसान शिरूर-दौंडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पोल्ट्रीवाल्याला तर नाहीच. भर उन्हाळ्यात पंखे आणि फॉगर बंद पडले की शेडमधल्या पक्ष्यांचं काय होतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता या दोन तालुक्यांविषयी. सेन्सरसोबत येणारी माहितीपत्रकं ज्या घरासाठी लिहिलेली असतात, त्या घराला एक पुढचं दार, एक मागचं दार, चार खिडक्या आणि एक गॅरेज असतं, आणि मौल्यवान ते सगळं आत असतं. आपल्या घराची मालमत्ता घराबाहेर पसरलेली असते. घोड, कुकडी आणि भीमेच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, मुठा कालव्यानं दौंडला पाणी दिलं, आणि जिथे पाणी तिथे माणूस गावठाण सोडून शेतात राहायला गेला. म्हणून आपल्याकडे घर म्हणजे वस्ती. तिच्यात राहत्या खोल्या असतात, शिवाय गोठा, शेळ्यांचा वाडा, कांदाचाळ, ठिबकची खोली, ट्रॅक्टरची शेड, आणि तीनशे-चारशे मीटरवर विहीर किंवा नदीवरची मोटार. चोराला कपाटातल्या सोन्यात रस असतोच, पण तांब्याची केबल, स्टार्टर, बोकड आणि ट्रॅक्टरची बॅटरी नेणं त्याला त्याहून सोपं जातं. या पुस्तकातली निम्मी प्रकरणं त्यामुळे घराबाहेरची आहेत.

कांदाचाळीचं उदाहरण घ्या. शिरूरचा शेतकरी उन्हाळी कांदा भाव येईपर्यंत राखून ठेवतो. साध्या चाळीत कांदा टिकायला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. दारासाठी बनवलेली डबी चाळीच्या मधल्या कप्प्यात टांगली तर तेच तापमान फोनवर दिसतं. आर्द्रतेचा वेगळा सेन्सर घेतला तर चित्र पुरं होतं. अशा डब्या निरनिराळ्या कप्प्यांत लावल्या आणि एका बाजूचा आकडा बाकीच्यांपेक्षा चढू लागला, की तिथला कांदा सडायला लागला असावा, हे वासाच्या आधी कळू शकतं. कुणी हे सुरक्षेत धरणार नाही. मी धरतो, कारण चोरीनं जितकं जात असेल त्याहून जास्त सडून जाताना मी पाहिलं आहे.

मोटारीच्या पेटीचं गणित वेगळं आहे. पेटी लोखंडी पत्र्याची, म्हणून डबी आत ठेवली तर तिचा आवाज बाहेर पोचत नाही. ती झाकणाच्या बाहेरून लावावी लागते आणि तिथे चुंबकापेक्षा कल ओळखणारी चकती जास्त उपयोगी पडते, कारण झाकण वर उचललं की डबी आपोआप कलते. केबलसाठी तर सेन्सरच्या दोन टोकांना बारीक दुपदरी तार जोडून ती केबलबरोबर नेली आणि पलीकडे जोडून टाकली की झालं. तार तुटली की सेन्सरला दार उघडल्यासारखंच वाटतं. पण झिग्बीचा पल्ला भिंतींच्या घरात दहा-वीस मीटर आणि मोकळ्यावर फार तर शंभरेक मीटर असतो. विहिरीवरून घरापर्यंत तो येत नाही. तिथे लोरा नावाची दुसरी पद्धत लागते, जी आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या विनापरवाना पट्ट्यात चालते आणि अँटेना उंच लावली तर काही किलोमीटरही जाते. ऊस डोक्याच्या वर गेला की हाच पल्ला घटतो, हे लावताना लक्षात ठेवावं लागतं. मार्चमध्ये तोडणीनंतरच्या रानात चाचणी घेऊन समाधान मानणाऱ्याची ऑक्टोबरमध्ये फसगत होते.

याच ओघात परदेशातल्या नातेवाइकांसाठी एक सूचना. अमेरिकेतून येताना बरेच जण भेट म्हणून सेन्सरचा संच आणतात. झिग्बी किंवा वायफायचा असेल तर तो इथे चालतो. झेड-वेव्ह पद्धतीचा असेल तर आणू नका. अमेरिकेतला झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्‌झवर बोलतो आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल सेवेचा आहे. भारतासाठीचा झेड-वेव्ह ८६५ मेगाहर्ट्‌झचा, वेगळा मिळतो.

बिबट्याविषयी लिहिल्याशिवाय शिरूरच्या घराविषयी लिहिता येत नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. या पट्ट्यातला बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. दौंडच्या ऊसपट्ट्यातही तो आता नवा राहिलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात अवघ्या तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यात दोन लहान मुलं होती. त्यानंतर ज्या-ज्या वस्तीवर गेलो तिथे मला पहिला प्रश्न चोराचा विचारला गेला नाही. ‘हे बिबट्याला चालतं का?’ असा विचारला गेला. आयाबायांनी विचारला. त्यांना मी खरं तेच सांगतो. ही डबी बिबट्या ओळखत नाही आणि त्याला रोखतही नाही. बंदिस्त गोठा, घराभोवतीचं गवत आणि ऊस मागे सारणं, अंधार पडल्यावर लेकरांना एकटं न सोडणं, वनखातं सांगतं त्या या गोष्टींची जागा कुठलंही यंत्र घेऊ शकत नाही.

तरी एक काम ती करते, आणि माझ्या मते या भागात तिचं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. अंधार पडल्यावर मागचं दार उघडताक्षणी अंगणातला मोठा दिवा लागतो. बटण शोधायला हात बाहेर काढावा लागत नाही. म्हातारी आई पहाटे बाहेर निघाली तर उंबऱ्यावर पाय ठेवण्याआधी अंगण उजेडात दिसतं आणि समोर काय आहे ते तिला कळतं. गोठ्याच्या फाटकाला हादरा बसला तर घरातून न उठता गोठ्यातला दिवा पेटतो आणि खिडकीतून बघता येतं. एक सेन्सर, एक बिनतारी स्विच आणि एक एलईडी दिवा, एवढ्यात हे होतं. ज्याला एकच गोष्ट करायची ऐपत असेल त्यानं सायरनआधी ही करावी.

रात्री बाहेर पडायलाच लागू नये, हा त्याहून चांगला उपाय. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची आली की आपला शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो. साप, विंचू, ओला स्टार्टर आणि आता बिबट्या. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी हे दुःख ओळखून मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारा ‘नॅनो गणेश’ हा संच तयार केला आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. आज मोबाइल स्टार्टर गावोगावच्या दुकानांत मिळतात. शहरातल्या लोकांनी ‘घराचं ऑटोमेशन’ हा शब्द उच्चारण्याआधीच आपल्या बांधावर ते सुरू झालं होतं, हे शेतकऱ्यांच्या पोरांना मी आवर्जून सांगतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ‘ऑटो’ तर त्याच्याही आधीचा.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. गावाची राखण ही आपल्याकडे कधीच एका घराची गोष्ट नव्हती. गावाला जागल्या होता, येसकर होता, रामोशी होता. त्या व्यवस्थेत जातीचं ओझं होतं आणि ते गेलं हे चांगलं झालं. पण रात्री कुणीतरी जागं आहे आणि त्याच्या आरोळीला गाव उठतं, ही त्यातली खात्रीही तिच्याबरोबर गेली. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानुसार पोलीस पाटील आजही आहेत, गावोगाव ग्रामसुरक्षा दलं आहेत, आणि ११२ हा क्रमांक आहे. पण मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत, कच्च्या वाटेनं जाव्या लागणाऱ्या वस्तीवर पोलिसांची गाडी पोचेपर्यंत शेजारचा माणूसच खरा पोलीस असतो.

या बाबतीत पुणे ग्रामीण भागात वापरली जाणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा मला फार शहाणपणाची वाटते. नोंदणी केलेल्या गावकऱ्यानं एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करून काय घडलं ते बोलायचं आणि त्याचाच आवाज त्याच क्षणी गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर वाजतो. साधा कीपॅडचा फोन असला तरी चालतं. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या भागात रात्री आकाशात ड्रोन दिसू लागले आणि गावंच्या गावं जागी राहिली, ते दिवस आठवा. भीती एका घरातून दुसऱ्या घरात फोनवरून पसरली, तशी नेमकी बातमीही पसरू शकते, पण त्यासाठी वाट आधी बांधलेली असावी लागते. माझी शिफारस अशी आहे. सेन्सरनं आधी घरातला सायरन वाजवावा, मग घरच्या दोन आणि शेजारच्या एका माणसाला फोन लावावा. नुसता संदेश नको, घंटी वाजणारा फोन हवा. त्यांच्यापैकी कुणीतरी खात्री करावी आणि मगच गावाला कळवावं. सेन्सर थेट गावाला जोडू नये. चार वेळा मांजरीनं फाटक हलवलं म्हणून गाव उठलं, तर पाचव्या वेळी लांडगा खरंच आला तरी कोणी उठणार नाही.

खोट्या घंटीची कारणं इथली आहेत आणि ती इथेच शिकावी लागतात. दौंड जंक्शनच्या आसपास रुळांलगत राहणाऱ्यांची घरं मालगाडीबरोबर थरथरतात. तिथे हादऱ्याची संवेदनशीलता कारखान्यातून आली तशी ठेवली तर रात्रभर फोन वाजत राहील. ती कमी करावी लागते आणि दोन-तीन रात्री गाड्यांचा हिशेब ठेवून पुन्हा बसवावी लागते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कामाला असलेल्यांच्या चाळींत एका खोलीचं दार पाळीगणिक रात्री-अपरात्री उघडतं. तिथे वेळेची अट उपयोगाची नाही, कोण घरी आहे हे पाहणारी अट लागते. सागवानी जुना दरवाजा पावसाळ्यात फुगतो, चुंबक आणि डबीत अंतर पडतं, आणि दार मिटलेलं असूनही उघडं दिसतं. लोखंडी दारावर चुंबकाचा जोर पत्र्यात मुरतो. मधे अर्ध्या बोटाची लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवली की प्रश्न सुटतो. दोन फळ्यांच्या दाराला आधी उघडणारी फळी कोणती ते बघून चुंबक तिच्यावर लावायचा. आणि मुंग्या. डबीच्या फटीतून आत शिरून त्या घर करतात, म्हणून वर्षातून एकदा तरी ती उघडून बघावीच लागते.

ते वर्षातून एकदा कधी, यासाठी मी खंडेनवमीचा दिवस सांगतो. त्या दिवशी आपण मोटार, ट्रॅक्टर, विळे, पाने सगळं पुसून हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी प्रत्येक सेन्सर उघडा, पुसा आणि सेल बदला. सीआर २४५० जातीच्या नाण्यासारख्या सेलमध्ये सुमारे ६०० मिलिअँपिअर-तासांची क्षमता असते. डबी बहुतेक काळ झोपलेली असल्यानं कंपन्या दोन वर्षांचा भरवसा देतात. पण तो थंड, बंद खोलीतला हिशेब. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली सेल लवकर उतरतो. सेन्सर घेतानाच त्यात कोणता सेल लागतो ते पाहा आणि तो शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारपेठेत मिळतो का ते विचारा. सीआर २०३२ कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. बाकीच्यांसाठी पुण्याची वाट बघावी लागू शकते आणि तितके दिवस दार आंधळं राहतं.

लाईट जाणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट, म्हणून पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण तिच्यावर आहे. सेन्सर सेलवर चालतो, तो जागाच असतो. पण त्याचं ऐकणारा हब विजेवर, हबला बाहेरच्या जगाशी जोडणारा राऊटर विजेवर, आणि मधे निरोप पुढे ढकलणारे प्लगही विजेवर. झिग्बीच्या जाळ्यात सेलवरची डबी दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाही, ते काम भिंतीतल्या सॉकेटला लावलेली उपकरणं करतात. लाईट गेली की जाळंच फाटतं, आणि चोर तर आधी डीपीकडेच जातो. त्यामुळे हब आणि राऊटर छोट्या यूपीएसवर ठेवणं हा सेन्सरइतकाच आवश्यक खर्च धरा. लाईट फार वेळ गेली तर मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही उतरते. तेव्हा फोन नाही, इंटरनेट नाही, काही नाही. त्या घटकेला उपयोगी पडतो तो बॅटरीवरचा, हबला थेट जोडलेला, घराच्या माथ्यावरचा सायरन. तो शेजारच्या वस्तीला ऐकू जातो का, हे पौर्णिमेच्या शांत रात्री नाही, भर पावसात वाजवून पाहा.

याला जोडूनच एक ठाम मत मांडतो. घराचे नियम घरातल्या हबवर चालले पाहिजेत, परदेशातल्या सर्व्हरवर नाही. रिव्हॉल्व नावाचा हब लोकांनी पैसे मोजून घेतला होता. कंपनी गूगलच्या नेस्टकडे गेली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद होताच तो निव्वळ डबा झाला. अमेरिकेतल्या लोज कंपनीची आयरिस सेवा मार्च २०१९ अखेर अशीच संपली. ही मोठ्या देशातली, मोठ्या कंपन्यांची गोष्ट आहे. २०१३ पासून जगभरच्या हौशी लोकांनी वाढवलेली होम असिस्टंट ही मोफत प्रणाली एका छोट्या संगणकावर घरातच चालते, इंटरनेट नसलं तरी दार उघडल्यावर दिवा लावते. शिकायला ती अवघड आहे, हे मी लपवत नाही. पण ती आपली राहते.

शिकण्याचा विषय निघाला की मला पाबळ आठवतं. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, वीज, शेती, बांधकाम हातानं करायला लावलं आणि त्यातून विज्ञान शिकवलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब पाबळला उभी राहिली. बोस्टनजवळच्या या प्रयोगशाळेतली यंत्रं आणि संवेदकांची विद्या पुण्या-मुंबईच्याही आधी आपल्या तालुक्यात आली, ही गोष्ट शिरूरच्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे. सेन्सर विकत आणून भिंतीला चिकटवणं म्हणजे अर्धं काम. तो उघडून बघणारी, तुटलेली तार डाग देऊन जोडणारी, नियम बदलणारी एक मुलगी किंवा मुलगा प्रत्येक गावात तयार झाला, तर बाहेरून कोणी बोलवावं लागणार नाही. मलासुद्धा.

आणखी एका गोष्टीवर मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण माहितीपत्रकात ती कधी नसते. सेन्सर कॅमेऱ्यापेक्षा कमी पाहतो आणि तोच त्याचा मोठेपणा आहे. न्हाणीकडच्या दाराला, माजघराला तो लावता येतो. तो चित्र काढत नाही. पण दार कधी उघडलं याची वेळेवार यादी तो ठेवतो आणि ती यादी कुणाच्या फोनवर जाते यावर घरातलं बळ ठरतं. एकदा एका घरी काम संपत आल्यावर मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, की दुपारच्या वेळी दार उघडलं की फक्त मोठ्या भावाच्या फोनवर कळावं, घरातल्या बायकांना नको. दुपारी त्या घरात एकटी सून असायची. मी ते केलं नाही आणि त्या घरचं काम तिथेच सोडलं. या पुस्तकात जे-जे नियम दिले आहेत त्यांत घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला सेन्सर कुठे आहे, तो काय कळवतो आणि कुणाला कळवतो हे माहीत आहे, असं गृहीत धरलं आहे. ज्या घरात हे सांगायची तयारी नसेल, त्यांनी हे पुस्तक घेऊ नये.

हीच डबी मायेनंही लावता येते. मुलं बाहेर आणि आईवडील दोघंच गावी, अशी घरं आपल्याकडे वाढत चालली आहेत. एका आजोबांच्या संमतीनं आम्ही त्यांच्या पुढच्या दारावर एकच नियम ठेवला. सकाळी आठपर्यंत दार उघडलं नाही तर मुलीला आणि शेजाऱ्यांना फोन जावा. बाकी दिवसभर ते दार कितीही वेळा उघडो, कुणाला काही कळत नाही. तुकाराम महाराजांची पालखी यवत-वरवंडला मुक्काम करते त्या दिवसांत आजोबांचं दार रात्रभर उघडंच असतं, वारकरी येत-जात असतात. तेव्हा ते स्वतःच सेन्सर बंद करून ठेवतात आणि पालखी बारामतीकडे गेली की पुन्हा चालू करतात.

पुस्तकाची मांडणी मुद्दाम उलटी आहे. पहिलं प्रकरण माणसांचं, दुसरं विजेचं, तिसरं रेडिओच्या पल्ल्याचं, आणि सेन्सर चौथ्या प्रकरणात येतो. किमती दिलेल्या नाहीत, कारण त्या पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात. जोडणीच्या आकृत्या मी स्वतः लावून पाहिलेल्या कामांच्याच आहेत. थ्री फेज स्टार्टरच्या आत हात घालायचं कोणतंही काम यात नाही. ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं.

प्रस्तावनेनंतर एक कोरं पान सोडलं आहे. त्यावर तीन नावं आणि तीन फोन क्रमांक लिहा. रात्री दोन वाजता तुमच्याकडे येऊ शकतील अशी तीन माणसं, त्यांतलं निदान एक पायी पोचेल इतक्या अंतरावरचं. त्यांच्याकडे जाऊन बसा, तुमच्याकडे काय बसवताय ते सांगा आणि त्यांच्या पानावर तुमचं नाव लिहून द्या. एवढं झालं की मग पुढचं पान उलटा.